रात्री गाडी कुठे असते?

स्लाउमधलं घर विकून आम्ही कॅरॅव्हॅनमध्ये राहायला गेलो, तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला वेड लागल्याचं जाहीर केलं. ते परवडलं. विमा कंपनीच्या लेखी आम्ही उरलोच नाही.

व्हिटबीला होतो. टेकाडावर पडकी ॲबी, खाली बंदर, चढायला 199 पायऱ्या. ड्रॅक्युला याच गावात जहाजातून उतरतो. तोही पेटीत झोपायचा, पण लबाडाने आधीच वकिलामार्फत लंडनजवळ घर घेऊन ठेवलं होतं! आम्हाला हे सुचलं नाही. गाडीचा विमा संपत आला होता आणि मोबाइलची रेंज साइटवरच्या पाण्याच्या नळापाशीच यायची, म्हणून मी तिथे उभा.

"रात्री गाडी कुठे असते?" फोनवरच्या मुलाने विचारलं.

"कॅरॅव्हॅनच्या पुढे."

"आणि कॅरॅव्हॅन?"

"गाडीच्या मागे."

शांतता. मग, "पोस्टकोड?"

या देशात पोस्टकोड म्हणजे माणसाची कुंडली. हप्ता किती, ते त्यावरून ठरतं. मी विचारलं, "आजचा सांगू की पुढच्या आठवड्यातला?" त्याने मला वरिष्ठांकडे सोपवलं, वरिष्ठांनी संगीताकडे.

"चिरंजीवांचा पत्ता ठोकून द्या की," ही म्हणाली. "गाडी रात्री रेडिंगला असते म्हणायचं."

पण मी जन्माचा हिशेबतपासनीस. 2012 चा कायदाच तसा आहे : जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर कंपनी पॉलिसी रद्द करून हात वर करू शकते. बरं, विनाविमा चालवावी तर जागच्या जागी 300 पौंड दंड आणि लायसन्सवर 6 पॉइंट. नुसती उभी ठेवावी तर 2011 पासून उभ्या गाडीलाही विमा लागतो, नाहीतर ती रस्त्यावर नसल्याचं सरकारला रीतसर कळवावं लागतं.

आणि कॅरॅव्हॅन? जिच्यात आमचा बिछाना, गॅस, हिचे पितळी डबे, देव, सगळा संसार, तिचा विमा कायद्याने सक्तीचा नाही! शिवाय तिच्या पाठीवर नंबर लावायचा तो ओढणाऱ्या गाडीचा. म्हणजे घराची ओळख गाडीवरून आणि गाडीची घरावरून. यातली विसंगती मी त्या मुलाला सविस्तर समजावली. त्याने फोन ठेवला.

शेवटी फिरस्त्यांचे विमे उतरवणारी एक ब्रोकर बाई भेटली. टपालासाठी एक कायमचा पत्ता द्या, गाडी कुठे कुठे असते ते खरं सांगा, आणि पैसे जास्त मोजा. मी घासाघीस सुरू करणार, तोच हिने कार्ड पुढे केलं.

टपालासाठी रेडिंग. संध्याकाळी चिरंजीवांचा फोटो आला. त्याच्या टपालपेटीवर आम्हा दोघांची नावं, चक्क देवनागरीत. शनिवारच्या मराठी शाळेसाठी मी त्याला ओरडून ओरडून गिरवायला लावलेलं तेच तिरपागडं अक्षर. पोस्टमनला त्यातलं काय कळणार, गाढव! ही बराच वेळ चष्मा पुसत बसली. मी पाणी आणायला गेलो. टाकी भरलेलीच होती.

पॉलिसी ईमेलने आली. अटींमध्ये एक ओळ : गाडी ठेवण्याच्या जागेत बदल झाल्यास त्वरित कळवावे. आणि उद्या दुपारी बाराच्या आत आम्हाला साइट सोडायची होती.

"प्रामाणिक ना तुम्ही?" ही म्हणाली. "मग लावा फोन."