मानेची भानगड

ब्युनोस आयर्सला मी नाचायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. घरात अजून यावर कोणाचा विश्वास नाही. मी गेलो होतो बाटल्यांना बुचं लावणारं यंत्र बसवायला. मी वेळेवर पोचलो, यंत्रही पोचलं, फक्त त्याचा गिअरबॉक्स कस्टममध्ये अडकला. ‘उद्या सुटेल’ असं रोज सांगण्यात यायचं, आणि त्या ‘उद्या’चा सूर इतका ओळखीचा होता की परमुलखात असल्यासारखं वाटेचना. ऑगस्ट महिना, म्हणजे आपल्याकडे श्रावण आणि तिकडे थंडी. दिवसभर कारखान्यात बसून माते नावाचा कडू काढा नळीने ओढायचा आणि संध्याकाळी हॉटेलच्या छताकडे बघत पडायचं, असा आठवडा गेला. शेवटी कारखान्यातल्या दुभाष्यालाच माझी दया आली. “टँगो शिका,” म्हणाला.

“अहो, त्रेपन्न पूर्ण झाली मला.”

“मग काय हरकत आहे? साठीच्या आसपास माणूस नीट चालायला लागतो.”

हे तो अलंकारिक बोलतोय असं मी समजलो. नव्हतं तसं.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, काटकुळ्या, आणि नजर अशी की गृहपाठ केला नसल्याचं आपोआप आठवावं. पहिल्या दिवशी त्यांनी मला दीड तास नुसतं चालवलं. सगळं वजन एका पायावर गेल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. उचलला की दोन्ही घोट्यांनी एकमेकांना ओझरतं भेटून पुढे जायचं. आणि पायाआधी छाती निघाली पाहिजे, कारण समोरच्या बाईला तुमचे पाय दिसत नाहीत, तिला कळते ती छाती. मी साताऱ्याचा. लहानपणी अजिंक्यतारा सकाळ-संध्याकाळ चढून-उतरून झालेला. बाईंनी माझ्या दोन फेऱ्या पाहिल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, “कुठे निघालात?” खरंच, मी भाजी आणायला निघाल्यासारखा चालत होतो. हातात पिशवी नव्हती, एवढंच.

चालणं जरा रांगेला लागतंय तोवर दिशेचा प्रश्न आला. टँगोत सगळी जोडपी एकामागे एक, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. याला रोंदा म्हणतात. आता आमच्या पायांना जन्मापासून प्रदक्षिणेचं वळण. गणपती असो, मारुती असो, वटपौर्णिमेचा वड असो, जे काय पूज्य ते उजव्या हाताला ठेवून जायचं. मी बेसावध झालो की पाय देवळात शिरायचे. दोनदा समोरून येणाऱ्या जोडप्यावर आदळलो. दोन्ही वेळा मीच चुकीच्या बाजूने होतो, तरी पुण्यात दुचाकी चालवायची सवय असल्यामुळे रागाने मीच पाहिलं.

संगीताने मात्र मला सांभाळून घेतलं. टँगोचा जीव म्हणजे बांदोनिऑन, मांडीवर घेऊन वाजवायची भात्याची पेटी. नाव पडलं हाइनरिश बांट या जर्मन वादकावरून. १८४०च्या दशकात तो ही पेटी विकायचा. पुढे ती बोटीत बसून अर्जेंटिनाला गेली आणि तिथली होऊन गेली. आपल्या पेटीचंही तसंच, युरोपातून आली आणि भजनात बसली. पण आपली पेटी गरीब स्वभावाची. बांदोनिऑनला दोन्ही अंगांना मिळून एकाहत्तर बटणं, आणि बहुतेक बटणांचा भाता उघडताना सूर एक, मिटताना दुसरा! म्हणजे सासूसारखं, येताना काय बोलली आणि जाताना काय बोलली, दोन्ही लक्षात ठेवायचं. जुन्या ऑर्केस्ट्रात ही पेटी, व्हायोलिनं, पियानो, कॉन्ट्राबास असतो. तबलजीची जागा रिकामी. पहिले चार दिवस मी सम शोधत होतो. मग बाईंनी हुआन दारिएन्सो लावला. याला तिथे ‘ठेक्याचा राजा’ म्हणतात. त्याचा पियानो असा टोचून बोलतो की तबल्याची आठवणही येत नाही.

दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, आता मिलोंगाला जा. मिलोंगा म्हणजे जिथे लोक टँगो नाचायला जमतात तो जलसा. ब्युनोस आयर्समध्ये रात्री कुठे ना कुठे तो असतोच. बेल्ग्रानोतल्या बागेत ला ग्लोरिएता म्हणून घुमटीवजा चौथरा आहे, तिथे उघड्यावर नाचतात. सुंदरलँड नावाच्या क्लबात तर बास्केटबॉलच्या मैदानावर नाचतात, वर रिंग तशीच. आणि वेळ? रात्री अकराला लोक यायला लागतात. तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेआठ तास. सौभाग्यवती सकाळी साडेसातच्या चहाबरोबर फोन करायची, तेव्हा मी आरशासमोर भांग पाडत असायचो.

“एवढ्या रात्री कुठे?”

“चालायला,” मी सांगायचो. यात खोटं काहीच नव्हतं.

मी गेलो तो वस्तीतला एक जुन्या पठडीचा क्लब. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, आपण कीर्तनाला आलो. पुरुष एका बाजूला, बायका समोरच्या बाजूला, मध्ये मोकळी जमीन. बसायची जागा यजमान ठरवणार. नाचायला बोलवायचं तर उठून जवळ जायचं नाही, हात पुढे करायचा नाही, तोंडाने विचारायचं तर मुळीच नाही. जागेवर बसून नजर टाकायची. बाईने नजरेला नजर दिली की मान किंचित हलवायची, तिनेही हलवली की झालं. मग तुम्ही उठून तिच्या टेबलापर्यंत जायचं आणि तोवर तिने बसून राहायचं. या मान हलवण्याला कबेसेओ म्हणतात. काबेसा म्हणजे डोकं. तिला नाचायचं नसेल तर ती नुसतं दुसरीकडे बघते. कोणी विचारलं नाही, कोणी नाकारलं नाही, चारचौघांत कोणाचं नाक कापलं गेलं नाही.

मला हे फार आवडलं, कारण नकार कसा द्यावा हे आपल्याला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांनी शिकवलंय. मुलगी पसंत नाही असं कोणी म्हणतं का? पत्रिका जुळत नाही म्हणतात. ‘कळवतो’ म्हणतात. शंभर वर्षं आपण ग्रहांवर ढकलतोय ते हे लोक मानेवर भागवतात.

पण मान आमची. तिच्यावर आमचा ताबा कुठे असतो?

पहिल्याच रात्री आनीबाल त्रोइलोच्या ऑर्केस्ट्राचं एक गाणं लागलं. गायकाने ओळीच्या शेवटी सूर असा हळूच सोडला की मी दाद दिली. दाद म्हणजे तोंडाने ‘क्या बात है’ आणि मानेने ती आपली खास हालचाल, हो आणि नाहीच्या मधोमधची, सवाई गंधर्वच्या मांडवात दर मिनिटाला पाच हजार माना करतात ती. शेजारचा म्हातारा, केस चापूनचोपून बसवलेला, माझ्या बरगडीत कोपर खुपसून म्हणाला, “जा, जा.”

“कुठे?”

“तू बोलावलंस ना तिला!”

समोर हिरव्या पोशाखातली एक बाई मंद हसत माझी वाट पाहत होती. मी घाबरून जोरात नाही-नाही अशी मान हलवली. तिच्या शेजारणीने बहुधा त्याचाही काही अर्थ लावला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या रात्रीपुरता माझ्या पत्रिकेत मंगळ निघाला.

त्याच आठवड्यात उलटा प्रसंग. लाल स्कार्फवाली एक बाई सरळ माझ्याकडे बघत होती. मी शिस्तीत मान हलवली, तिनेही हलवली. सबंध जमीन तुडवून मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती उठली आणि मला वळसा घालून माझ्यामागून आलेल्या गृहस्थाच्या मिठीत गेली. मागच्या रांगेतला होता तो. तेव्हापासून कोणीही माझ्याकडे पाहिलं की मी आधी मागे वळून बघायचो. यजमानांना ते बरं दिसेना, म्हणून त्यांनी मला आणखी मागे, खांबाआडच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. नोकरीत याला बदली म्हणतात.

तरी काही भल्या बायकांनी मला जमिनीवर नेलंच. आणि प्रत्येक बाई एका गाण्यानंतर सोडून गेली. एकामागून एक चौघी! मी मनात माझ्या घोट्यांना शिव्या दिल्या. दोष घोट्यांचा नव्हता, संस्कारांचा होता. टँगोची गाणी एकाच ऑर्केस्ट्राची, साधारण चार-चारच्या जुडीने लागतात. ही तांदा. जुडी संपली की कोर्तीना, म्हणजे पडदा: भलतंच काहीतरी संगीत मिनिटभर वाजतं आणि जमीन रिकामी होते. तोवर जोडी मोडायची नसते. आणि मोडायचीच असेल तर एकच शब्द म्हणतात: ‘ग्रासियास’, धन्यवाद. म्हणजे ‘कळवतो’! मला स्पॅनिश येत होतं ते एवढंच, आणि मी पहिल्या गाण्यानंतर घरच्या वळणाप्रमाणे वाकून, छातीला हात लावून, ‘ग्रासियास’ म्हणत होतो. चार सभ्य बायकांना मी भर चौकात नकार दिला होता, तोही हसतमुखाने.

शहरात तेव्हा जागतिक स्पर्धा चालू होती. २००३पासून दर ऑगस्टमध्ये ती तिथे भरते. २००९ मध्ये तर एका जपानी जोडप्याने तीतला एक किताब नेला. त्याच वर्षी युनेस्कोने टँगोला अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांच्या नावावर वारसा म्हणून चढवलं, म्हणजे भाऊबंदकीत सातबारा सामाईक निघावा तसं. फिनलंडवाले तर टँगो आपलाच असल्यासारखे वागतात. सेइनायोकी नावाच्या गावी १९८५पासून दर उन्हाळ्यात त्यांची टँगोची जत्रा भरते. तर असे देशोदेशीचे लोक क्लबात येऊन बसत, आणि नाचात कितीही वाकबगार असले तरी माझ्यासारखेच कोणाची तरी नजर पकडायला माना उंचावत. एका घाटदार रशियन तरुणाला सबंध रात्र कोणी विचारलं नाही. मला त्या रात्री छान झोप लागली.

रविवारी दुभाष्या मला चाकारिताच्या दफनभूमीत घेऊन गेला, कार्लोस गार्देलच्या समाधीला. टँगो गाण्यातला हा देव. २४ जून १९३५ रोजी कोलंबियात मेदेयीनच्या विमान अपघातात गेला. तरी तिथले लोक म्हणतात, तो दिवसेंदिवस जास्त चांगला गातोय. समाधीवर त्याचा उभा पुतळा आहे, आणि भक्त त्याच्या बोटांत पेटलेली सिगारेट खोचून जातात. आम्ही गेलो तेव्हा अर्धी जळलेली होतीच. अख्ख्या ब्युनोस आयर्समध्ये समोरून आलेल्याला नाही न म्हणणारा मला भेटला तो हा एकटा.

आणि मग गिअरबॉक्स सुटला. दोन दिवसांत जोडणी झाली. चाचणीच्या आधी कारखान्यातला फिटर यंत्रापुढे उभा राहून पुटपुटला, “पुग्लिएसे, पुग्लिएसे, पुग्लिएसे.” ओस्वाल्दो पुग्लिएसे हा मोठा पियानोवादक. पक्का कम्युनिस्ट, त्यापायी तुरुंगात गेलेला. तो आत असला की त्याचे साथीदार पियानोवर लाल फूल ठेवून त्याच्याशिवाय वाजवायचे. अशा नास्तिकाला लोकांनी विघ्नहर्ता करून टाकलंय. कलावंत रंगमंचावर जाण्याआधी त्याचं नाव घेतात. मी खिशातल्या गणपतीला हात लावला. बुचं नीट बसली. श्रेय कोणाचं, यावर फिटरशी वाद घातला नाही.

शनिवारी शेवटची रात्र. खांबाआडच्या माझ्या कोपऱ्यात बसलो. कार्लोस दी सार्लीची जुडी लागली. संथ, मोकळी चाल. बाई म्हणायच्या, नवशिक्याने त्याच्यावरच चालावं. जांभळ्या स्वेटरमधल्या एका आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, एकदाच, खालीवर, कस्टमच्या शिक्क्यासारखी. त्यांनीही हलवली.

जवळ गेल्यावर त्यांनी माझ्या चष्म्याकडे बोट केलं. टँगोत गालाला गाल लागतो, त्यात काडी टोचते. चष्मा काढून खिशात टाकला आणि जग विरघळलं. माझा नंबर उणे साडेसहा. आता कोणावर आदळतोय ते दिसतच नव्हतं, त्यामुळे मी आदळायचाही थांबलो. आजीबाई पाठीवरच्या बोटाने हलकेच वळवत होत्या. नियमाने नेणारा मी होतो. पहिलं गाणं संपलं. ‘ग्रा’ ओठांवर आला, तो गिळला. दुसरं, तिसरं. चौथ्याला माझे घोटे एकमेकांना भेटले, मला स्पष्ट जाणवलं.

पडद्याचं संगीत लागलं. आजीबाई म्हणाल्या, “ग्रासियास,” या वेळी जिथे म्हणायचं तिथे. पुरुषाने बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं असतं. मी अदबीने त्यांना नेलं आणि एका टेबलापाशी वाकलो. ते टेबल भलत्याच कुटुंबाचं होतं. त्यांच्यापुढे एम्पानादा, म्हणजे तिकडच्या करंज्या होत्या आणि एकीवर माझा हात पडला होता. आजीबाई खळखळून हसल्या, माझा दंड धरला आणि त्यांनीच मला माझ्या खांबापर्यंत आणून सोडलं.

मी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. समोरच्या बाजूला तीच ती, लाल स्कार्फवाली, थेट माझ्याकडे बघत होती.

सवयीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.