मेहेरबान कार्यकारी मंडळाचे सेवेशी

मुक्काम राजोडी, तालुका वसई, जिल्हा पालघर

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस आणि विद्वत्सभेच्या कार्यकारी मंडळाचे समस्त सभासद यांसी
(सभेचे नाव मुद्दामच घातलेले नाही, हे पत्र आपल्यालाच उद्देशून आहे असे जिला वाटेल त्या सभेने ते खुशाल उघडावे.)

विषय : ‘तरुण संशोधक सन्मान’ या परिपत्रकास अनुसरून नामनिर्देशाची दरखास्त.

स. न. वि. वि.

आपण काढलेले सदर परिपत्रक, आमच्या शेजारच्या वाडीत राहणाऱ्या आणि खाडीच्या गाळातील सूक्ष्म जीवांवर पीएच.डी.चे काम करणाऱ्या एका मुलीने परवा माझ्या हाती आणून दिले. अर्जावर सूचक म्हणून कोणा आजीव सभासदाची सही लागते, आणि आजीव वर्गणी शाळामास्तरालाही झेपत असे त्या काळी ती भरून मोकळा झालेला असा एक सभासद राजोडीत अद्यापि हयात आहे, ही आपल्या दप्तरालाही बहुधा विस्मृत झालेली गोष्ट तिने शोधून काढली, त्यामुळे तिच्या संशोधनवृत्तीविषयी माझी खात्री पटली. परंतु परिपत्रक साद्यंत वाचल्यावर असे ध्यानात आले की, तिचे नाव सुचवणे म्हणजे अंमळ घाईच होईल. ती अवघी सत्तावीस वर्षांची आहे. आपल्या हिशेबी तरुण होण्यास तिला अजून पुष्कळ काळ घालवावा लागेल.

तारुण्याची मर्यादा आपण पंचेचाळीस वर्षांची ठेवलीत, यात आपला स्वतःचा अपराध काही नाही. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराची मर्यादा तीच होती, आणि त्याच्या जागी आलेल्या विज्ञान युवा पुरस्काराचीही तीच आहे. ज्या वयात इतरेजनांना वाचायला चष्मा लागतो त्या वयात शास्त्रज्ञाच्या डोळ्यांसमोर भवितव्य उभे राहते, हा शास्त्राचाच महिमा म्हटला पाहिजे. मला विशेष रुचले ते पुरस्काराच्या स्वरूपाविषयीचे कलम. एक पदक, एक प्रशस्तिपत्र, शाल व श्रीफळ, आणि अधिवेशनाची नोंदणी फी सन्मानार्थीने स्वतः भरावी, असा आपला शिरस्ता आहे. येथेही आपण थोरांच्याच पावलावर पाऊल ठेवले आहे. जुन्या भटनागर पुरस्काराबरोबर पाच लक्ष रुपये मिळत असत. नव्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारात सनद आणि पदक आहे, रोकड नाही. पैशाने संशोधकाचे मन चळते, हे सरकारला उमगले तसे आपल्यालाही उमगलेले दिसते. एरवी १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधक विद्यावृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली, ती वेळेवर हाती पडती, तर किती तरी होतकरू मुलांचे मन चळले असते! ती अनेकांच्या बाबतीत महिनोन्महिने अडून राहते, आणि तोवर घरभाडे कसे भागवायचे या विषयावर त्यांचे दुसरे, विनावेतन संशोधन चालते. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात, विद्यावृत्तींची चर्चा निघाली असता, ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा आशयाचा सवाल खुद्द उपमुख्यमंत्र्यांनीच केला होता. त्यानंतर राज्यातील विद्वत्सभांनी एकमुखाने निषेधाचा ठराव केल्याचे माझ्या वाचनात आले नाही. विद्वानांना मौन शोभून दिसते, ते असे.

असो. प्रस्तुत पत्राचा हेतू तक्रार करण्याचा नसून नामनिर्देश करण्याचा आहे. आपल्या सर्व कसोट्यांस उतरेल असे एक नाव मला सुचले आहे, आणि ते ज्या कामामुळे सुचले ते काम आमच्या राजोडीपासून फार दूर नाही, सोपाऱ्यातच झालेले आहे. ते नाव पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे.

पंडितजींचा जन्म १८३९ सालचा, जुनागढचा. गिरनारच्या शिळेवरील अक्षरे घराच्या इतकी जवळ होती की, प्रिन्सेपने लावलेली ब्राह्मी वर्णमाला हाती येताच त्या मुलाने ती शिळा वाचण्याचा ध्यास घेतला. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, इंग्रजी लिखाणात त्यांना गती नव्हती, ते गुजरातीत लिहीत आणि पुष्कळदा दुसरे कोणी त्याचे भाषांतर करी. अशा माणसाला डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी मुंबईस बोलावून घेतले. भाऊ दाजी गोव्यातील मांद्र्याचे. गरिबीतून वर आलेले, धन्वंतरी म्हणून नावाजलेले, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे आधारस्तंभ. तारुण्यातील उत्तेजनाचे मोल त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बालहत्येच्या चालीवरील निबंधाबद्दल १८४७ साली त्यांना स्वतःला सहाशे रुपयांचे बक्षीस मिळालेले होते, आणि ते रोख. एकूण ब्रिटिश अमदानीत तरुणांची मने चळवण्याचे प्रमाण बरेच होते.

पुढील दहा-बारा वर्षे वहिवाट अशी पडली की, पंडितजींनी रानोमाळ हिंडावे, लेण्यांत वाकून, कड्यांवर चढून लेखांचे ठसे घ्यावेत, नाणी जमवावीत, अक्षरांशी झगडावे, आणि त्यातून जे निष्पन्न होईल ते टाऊन हॉलच्या दालनात, विद्वज्जनांच्या समोर, डॉक्टरसाहेबांच्या निबंधांतून वाचले जावे. यात भाऊ दाजींना खलपुरुष ठरवण्याचा माझा हेतू मुळीच नाही. प्रवासखर्च त्यांनी दिला, आश्रय त्यांनी दिला, आणि जुनागढच्या एका पोराच्या अंगचे गुण त्यांनी ओळखले. आजच्या किती मार्गदर्शकांविषयी या तीन गोष्टी एका दमात सांगता येतील? पण १८७४ साली भाऊ दाजी निवर्तले, आणि मग दोन-तीन वर्षांतच नाणेघाटातील प्राचीन अंकांवरचा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात पंडितजींच्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाला. शिष्याचे नाव छापले जाण्यास गुरूच्या स्वर्गवासापर्यंत वाट पाहावी लागावी, ही परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे, हे यावरून सिद्ध होते. आपण ती मोडलेली नाही, एवढेच मला आपल्या अभिनंदनार्थ म्हणावयाचे आहे.

१८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडितजींनी सोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट उकरला. त्या टेकाडाच्या पोटात स्तूप होता. स्तूपाच्या गर्भात दगडी करंडक, त्यात तांब्याचा, तांब्याच्या सभोवार बुद्धांच्या आठ मूर्ती, आतमध्ये चांदीचा, मग पाषाणाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आत सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या करंडकात, इतकी आवरणे दूर केल्यावर, काय होते? मातीच्या भिक्षापात्राच्या काही खापऱ्या. आजकालचा शोधनिबंध उघडताना मला नेहमी या करंडकांची आठवण होते : प्रथम संचालक, त्यांच्या आत विभागप्रमुख, मग ज्यांच्या नावावर अनुदान आहे ते प्राध्यापक, मग ज्यांचे यंत्र तासाभरासाठी उसने आणले होते ते दुसरे प्राध्यापक, आणि अगदी आत, जिथवर पोचण्यास वाचकाजवळ सवड उरत नाही तिथे, रात्री अडीच वाजता नमुने तपासणारी ती मुलगी. फरक इतकाच की, त्या काळी सर्वांत आत जे असे त्यालाच लोक पूज्य मानीत.

त्याच वर्षी पंडितजींना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तुकड्यावरचा मजकूर त्रोटक असला तरी अन्यत्र आढळलेल्या पूर्ण प्रतींवरून त्याचा आशय ठाऊक आहे, आणि तो आपल्या मंडळाने मनन करण्याजोगा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, मृगया आणि तत्सम करमणुकी करीत. मी ते सोडून धर्मयात्रेस निघालो, असे सम्राट त्यात सांगतो. आणि त्या धर्मयात्रेत काय होई? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांचे दर्शन व त्यांना सुवर्णदान, आणि जनपदातील लोकांची भेट व त्यांच्याशी धर्मसंवाद. या फर्मानातून आपल्या सभेने वृद्धांना सुवर्णपदक देण्याचे कलम तेवढे अचूक उचलले आहे. जीवनगौरव, सुवर्णमहोत्सवी गौरव, माजी अध्यक्षांचा गौरव, माजी अध्यक्षांच्या स्मृतीचा गौरव, असे चार सोहळे एका अधिवेशनात बसवून पाचवा, म्हणजे तरुणांचा, आपण जेवणाच्या सुट्टीलगत ठेवता, तेव्हा अशोकाचा शब्द आपण खाली पडू देत नाही. विहारयात्रांविषयीचे कलम मात्र आपल्या दृष्टीस पडलेले नसावे. कार्यकारी मंडळाच्या बैठका ज्या थंड हवेच्या ठिकाणी भरतात तेथे हा शिलालेख कोरलेला नाही, हे खरे. आणि जनपदातील लोकांच्या भेटीचे म्हणाल, तर विरारच्या लोकलमध्ये दाराशी लोंबकळत विज्ञानाकडे निघालेला जनपद सकाळी साडेसात वाजता कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

जाता जाता आणखी एक. नवव्या शिलालेखाचा तुकडा पुढे १९५६ साली भुईगावास मिळाला. तो ज्यांनी उजेडात आणला ते ना. अ. गोरे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते. सभेच्या प्रतिष्ठितांनी निबंध ऐकावेत आणि शिळा ग्रंथपालाला सापडावी, यात काही नियती असेल काय, याचा विचार मी आपल्यावर सोपवतो.

तरुणांना फार लवकर डोक्यावर घेऊ नये, या आपल्या धोरणास बळकटी देणारा दुसरा दाखला जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचा. १९३३ साली, तेव्हाच्या कमला भागवत, मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन, वडिलांनी व काकांनी जिथे रसायनशास्त्राचे धडे घेतले त्या बंगलोरच्या संस्थेत प्रवेश मागू लागल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून नकार दिला. आणि ती मुलगी हटेनाच तेव्हा अटी घातल्या की, पहिले वर्ष परीक्षाधीन राहील, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी रात्रीबेरात्रीही काम करावे लागेल, आणि तेथील वातावरण तिने बिघडवता कामा नये. प्रकाशाच्या विकिरणाचे नियम ज्याने शोधले त्या महापुरुषालाही हा एक किरण आपल्या दारातून आत कसा घ्यावा, हे वर्षभर समजले नाही. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम ‘सी’चा शोध लावून १९३९ साली डॉक्टरेट मिळवून परतल्या, कालांतराने मुंबईच्या विज्ञानसंस्थेत शिकवू लागल्या, आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केले. आमच्या किनाऱ्यावर ताडाच्या झाडावर पहाटे चढणाऱ्या माणसाला जे पेय ठाऊक होते, त्यातील जीवनसत्त्वे व लोह यांची शास्त्रशुद्ध गणती या बाईंनी केली. नीरेचा गुण असा की, ती वेळेवर उतरवून वेळेवर प्यावी लागते. ऊन चढले की तीच ताडी होते. बाईंचा जाहीर सत्कार दिल्लीत झाला तो अगदी उतारवयात, आणि १९९८ साली त्या गेल्या.

तेव्हा मूळ दरखास्तीकडे वळतो. पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याच्या उत्खननाच्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्या कलमानुसार निःसंशय तरुण. प्रकाशने भरपूर आहेत, त्यांपैकी काही तर स्वतःच्या नावावर आहेत. परकीय मान्यतेचा दाखला हवा असल्यास लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिलेली आहे. परदेशाने आधी मान डोलावल्याशिवाय स्वदेशी सभेने डोलावू नये, ही आपली अलिखित अट त्यामुळे पुरी होते. रोख रकमेची त्यांच्याकडून मागणी येणार नाही. नियुक्तीचा, बढतीचा, निवासाचा तगादा ते लावणार नाहीत. त्यांनी गुजरातच्या प्राचीन इतिहासाची जी सामग्री सिद्ध केली ती गॅझेटियरमध्ये १८९६ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, दुसऱ्यांच्या संपादनाखाली छापली गेली, तेव्हाही त्यांनी ब्र काढला नाही. इतका सोशिक सन्मानार्थी आपल्याला हयात मंडळींत मिळणे कठीण.

अडचण एकच आहे. अर्जावर विभागप्रमुखाची शिफारस व सही असल्याशिवाय तो विचारात घेतला जाणार नाही, असे आपले दहावे कलम म्हणते. पंडितजींच्या बाबतीत ती सही १८७४ पासून मिळण्यासारखी नाही. शेजारच्या मुलीच्या बाबतीत ती मिळण्यासारखी आहे. पण साहेब परगावी असतात, आणि गावी असतात तेव्हा तिच्या निबंधावर आपले नाव पहिले की शेवटचे याचा फैसला झाल्याशिवाय पेन उचलत नाहीत. या दोन्ही अर्जांस सदर कलमातून माफी मिळू शकेल काय, हे उलट टपाली कळवावे. दोहोंपैकी एकालाच मिळणार असेल, तर पंडितजी थांबायला तयार आहेत असे समजावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
राजोडीचा एक आजीव सभासद

ता. क. : नोंदणीची फी मुलीने भरली आहे. तिने विचारले आहे की, भित्तिपत्रकाजवळ उभे राहून परीक्षकांची वाट पाहण्याची वेळ दुपारी एक ते अडीच आहे, आणि जेवणाचे कुपन दुपारी एक ते अडीच याच वेळेत चालते, तर या दोहोंपैकी कोणता लाभ तिने सोडावयाचा आहे.