दोन्ही ठेव!

आमच्या घराण्यात मला शिक्षणातलं कळतं, असा एक समज आहे. तो मीच पसरवलेला असल्यामुळे त्याच्या मुळाशी जायचं कोणी मनावर घेत नाही. बारावीला केमिस्ट्रीत मला ब्याण्णव मार्क होते. ही माहिती ज्याला नाही असा माणूस साताऱ्यात भेटलाच, तर तो नुकताच बदलून आलेला असणार. त्या केमिस्ट्रीच्या जोरावर मी बी.एस्सी. झालो आणि त्या बी.एस्सी.च्या जोरावर बँकेत लागलो. बँकेत केमिस्ट्री कशाला लागते, असं विचारणाऱ्याला आपली समाजरचनाच कळलेली नाही.

दहावीचा निकाल लागला की माझा हंगाम सुरू होतो. 2025 साली तर तो फारच जोरात गेला, कारण अकरावीचे प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. तोवर हे दुखणं मुंबई-पुण्यासारख्या शहरांचं होतं. आम्ही आपले कॉलेजात जाऊन फॉर्म आणायचो आणि ओळखीचा क्लार्क शोधायचो. आता आली दहापर्यंत कॉलेजांची पसंतीयादी, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर निमूट तिथं जायचं. ओळख चालेनाशी झाली तशी माणसं सल्ल्याकडे वळली.

भाचीला 91 टक्के पडले. ताईचा फोन आला, "अरे, तू एकदा बस तिच्याबरोबर. तुझं ऐकेल ती." माझं कोणी ऐकेल असं नुसतं सुचवलं तरी मी गाडीला किल्ली लावतो.

मी पोचेपर्यंत घरात निम्मा निर्णय झालेलाच होता. सायन्स, यावर वादच नव्हता. वाद होता तो मॅथ्स ठेवायचं की बायो, एवढ्यावर. आजोबा डॉक्टरकीच्या बाजूने, भावोजी इंजिनीअरिंगच्या बाजूने, ते पुण्याहून फोनवर. शेवटी चुलत आत्याने तोडगा काढला : "दोन्ही ठेव!" दोन्ही ठेवलं की सगळी दारं उघडी राहतात म्हणे. आमच्या अख्ख्या पिढीने दारं उघडी ठेवण्यातच उमेद घालवली. आत मात्र फारसं कोणी गेलं नाही.

आपल्याकडे मार्कांची एक उतरंड आहे. नव्वदच्या वरचे सायन्सला, त्याखालचे कॉमर्सला आणि ज्यांच्याबद्दल पाहुण्यांसमोर आवाज खाली येतो ते आर्ट्सला. हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, त्यामुळे ते रद्दही करता येत नाही. शासनाने आपल्या परीने प्रयत्न केले. 2016 साली दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. आमच्या पुतण्याचा कल निघाला गणवेशधारी सेवांकडे. हा मुलगा पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसून राहायचा. तो अहवाल घरात दोन दिवस फिरला, सगळे हसले आणि मग त्याला सायन्सला घातलं. आता तो आयटीत आहे. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा असतो, तेव्हा चाचणी अगदीच चुकली असं म्हणवत नाही.

तर, भाचीसमोर मी लॅपटॉप उघडला. आपला अभ्यास दिसावा म्हणून मी सरळ मुद्द्यावर न येता बोर्डाच्या विषयांची सगळी यादीच काढली. तिथेच घात झाला. सायन्सबरोबर बायफोकल घेता येतं, दोनशे मार्कांचं. त्यासाठी दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडायचा. सगळे डोळे मिटून इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स घेतात. पण मी यादीत खाली उतरलो आणि मला दिसलं : स्कूटर अँड मोटरसायकल सर्व्हिसिंग.

मी खुर्चीत मागे टेकलो. बोर्डाच्या बारावीला हा विषय आहे, आणि माझ्या वेळी मला कोणी सांगितलं नाही!

आमच्या वडिलांकडे चेतक होती. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून निघायला लागलेल्या या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, आणि 2009 साली बजाजने स्कूटर बंद करायचं जाहीर केलं तेव्हा वडील दिवसभर जेवले नाहीत. चेतक नुसती किक मारून सुरू होत नसे. आधी ती एका अंगाला कलती करायची, मग सरळ, मग पुन्हा कलती. पेट्रोलचा कॉक आडवा की उभा ते वाकून पाहायचं. चोक ओढायचा. मग किक. तरीही ती फुरफुरून गप्प झाली की वडील डिकीतून फडक्यात गुंडाळलेला प्लग-पाना काढत, प्लग खोलत, पॉलिश पेपरने घासत, त्याच्यावर फुंकर मारत आणि माझ्याकडे बघत. त्या बघण्याचा अर्थ एवढाच, की घरात सायन्सचा मुलगा असून उपयोग काय? मी त्यांना ज्वलनाचं समीकरण सांगू शकत होतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल का मिसळतात हेही सांगत असे, आणि सांगत असताना पोवई नाक्याचा मेकॅनिक येऊन, काहीही न बोलता, गाडी चालू करून देत असे. त्याने हात पुसून पैसे घेतले की वडील त्याच्याशी ज्या आदराने बोलत, तो ब्याण्णव मार्कांच्या वाट्याला कधी आला नाही.

"मामा," भाची म्हणाली, "मला स्कूटर दुरुस्ती नाही घ्यायची."

"अगं, मी जनरल सांगतोय."

"मला कॉमर्स घ्यायचंय."

ताई चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. 91 टक्के आणि कॉमर्स? पण भाची शांत होती. ताईचं ब्लाउजपीस, फॉल, अस्तराचं मॅचिंग सेंटर आहे, आणि उधारीची वही गेली दोन वर्षं ही पोरगी लिहिते, हे मला माहीत होतं. मदत म्हणून लिहीत असेल, असं मी धरून चाललो होतो. तिने ती वही आणून माझ्यासमोर ठेवली.

"मागच्या आठवड्यात सत्तावीस रुपये जुळत नव्हते. आई म्हणाली, सोड. पण सत्तावीसला नऊने भाग जातो ना? मग नक्की कुठेतरी आकडे उलटे पडलेत. शोधलं तर हे बघ, पंच्याऐंशीचे अठ्ठावन्न लिहिलेत."

मी वहीकडे बघत राहिलो. ही नऊची खूण मला बँकेत लागल्यावर एका म्हाताऱ्या हेडकॅशियरने सांगितली होती, तीही रात्री दहापर्यंत टॅली न लागल्यावर आणि त्यांची शेवटची एसटी चुकल्यावर.

"तुला कोणी शिकवलं हे?"

"कोणी नाही. असं दोनदा झालं, तेव्हा लक्षात आलं. जुळलं ना, की बरं वाटतं."

मग तिने विचारलं, "तू सायन्स का घेतलं होतंस?"

"मार्क होते."

"आवडायचं?"

मी म्हटलं, चहा निवतोय.

खरं तर मला या सगळ्याचा राग येतो. हीच मुलगी सायन्सला गेली असती तर बहुधा 'इंटिग्रेटेड'मध्ये अडकली असती, म्हणजे नाव कॉलेजात आणि देह क्लासमध्ये. सायन्सची पोरं निदान कॉलेजात दिसावीत म्हणून 2018 मध्ये शासनाला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला होता. अंगठा कुठे लावायचा यावर जिथे आदेश निघतात, तिथे पोराला काय आवडतं हे विचारायला वेळ कोणाला? सोळाव्या वर्षी मुलांना काही कळत नाही म्हणतात. मग त्यांच्या मार्कांना बरं सगळं कळतं.

राहिला एक प्रश्न : एसपी की मॅथ्स? एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. साताऱ्याच्या माणसाला हे नाव ऐकून शाहू महाराजांचा दरबार आठवतो आणि तो विषय घ्यावासा वाटतो. मी तसं बोलूनही दाखवलं. तिने मॅथ्सवर टिचकी मारली. सीए करायचं तर गणित हाताशी असलेलं बरं, असं मी तिला सांगणारच होतो, एवढ्यात तेही तिनेच मला सांगितलं. पसंतीक्रम लावून तिने फॉर्म लॉक केला. माझं मार्गदर्शन म्हणजे ओटीपी ताईच्या फोनवर आलाय, हे ओरडून सांगणं.

संध्याकाळपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर पडलं, की पोरीला मामाने कॉमर्सला घातलं. आत्याने फोन करून मला झापलं. भावोजी 'ठीक आहे' म्हणाले, ते ठीक नव्हतं. मी कोणालाच खरं सांगितलं नाही. पुढेमागे ती सीए झाली तर हा ग्रुप जपून ठेवायला हवा.

शेजारचे आता आपल्या मुलाला घेऊन रविवारी येतायत. त्याला 94 आहेत आणि तो म्हणे सारखा वडिलांची मोटरसायकल खोलून बसतो. मी त्यांना म्हटलं, या, माझ्याकडे यादी आहे.