घडी न मोडलेली साडी

जगाला कपड्यांच्या कचऱ्याचा घोर लागला आहे. ब्रिटनच्या एलन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ सालच्या अहवालात सांगितलं की, कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी एक टक्काही मालाचे पुन्हा नवे कपडे होत नाहीत. अहवालकर्त्यांना आपल्याकडच्या लग्नाचं आमंत्रण गेलं नसावं. आमची आहेराची साडी वर्षानुवर्षं फिरते आणि शेवटपर्यंत नवीच राहते.

बस्ता बांधायला गेलेलं शिष्टमंडळ दुकानात बसतानाच सांगतं, "नेसायच्या नंतर. आधी द्यायच्या दाखवा." दुकानदार मुरलेला असतो. तो वेगळाच गठ्ठा सोडतो. त्यातले रंग असे, की घेणारीने तिथल्या तिथेच पुढची मानकरीण ठरवावी. मग ती साडी वरमायकडून मामीकडे, मामीकडून डोहाळजेवणाला, तिथून कुणाच्या वास्तुशांतीला जाते. नियम एकच, घडी मोडायची नाही. पिशवी तेवढी बऱ्या दुकानाची शोधायची.

हा माल बहुतेक सुरतेचा, आणि धागा पॉलिएस्टरचा, म्हणजे मूळचं खनिज तेल. तो कुजत नाही. गीतेत जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दृष्टांत आहे; वस्त्र कधीतरी जीर्ण होणारच, हे भगवंतांनी गृहीत धरलं होतं. आता आत्मे येतात-जातात, साडी तीच राहते. एखादीने चुकून नेसून धुतलीच, तर प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सुटून सांडपाण्याबरोबर नदीला जातात. म्हणजे ती कपाटात डांबून ठेवणाऱ्या समस्त आत्या-मावश्या पर्यावरणरक्षकच म्हणायच्या. त्यांना पुरस्कार द्यावा. सोबत साडी नको.

आजीचं सुती लुगडं विरलं की त्याची दुपटी व्हायची, गोधडी व्हायची, उरलेल्या चिंध्यांनी चूल सारवली जायची. त्यासाठी लुगडं आधी नेसावं लागे, ही त्या पद्धतीतली मोठी अडचण. या साडीची गोधडी शिवून पाहा: घाम टिपत नाही, आणि मध्यरात्री अंगावरून घसरून स्वतःच खाली झोपते.

उरली बोहारीण. कापड चिमटीत धरून त्याची कुंडली सांगणारी ही बाई कुठल्याही वस्त्रोद्योग परिषदेत अध्यक्ष शोभेल. वहिनी मोठ्या तोऱ्यात नव्याकोऱ्या चार साड्या तिच्यापुढे टाकतात. ती त्यांवर चहाची गाळणी ठेवते. वर म्हणते, "ताई, ही जांभळी मी मागच्या गल्लीत पण बघितली होती."

तेव्हा आहेर बंद करा वगैरे अव्यवहार्य सूचना आम्ही करणार नाही. पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापणारेही बस्ता बांधतातच. फक्त वाचनालयाच्या पुस्तकाला असते तशी एक चिठ्ठी प्रत्येक साडीच्या आतल्या घडीला टाचावी. कोणी दिली, कोणाला, कोणत्या कार्यात. जिने दिली तिलाच परत गेल्यामुळे दोन घरांत सात वर्षं बोलणं बंद, असे प्रकार तरी थांबतील.