पेन्शनीचे हवापाणी

सेवानिवृत्तीचा हुकूम हाती पडल्यावर उरलेले आयुष्य कोठे काढावे हा प्रश्न ज्यास पडत नाही असा मध्यमवर्गीय गृहस्थ विरळा. आणि कर कोठे हलके व हवा कोठे थंड, या दोन खात्यांचा ताळेबंद मांडून मुक्कामाचे गाव मुक्रर करावे, असा उपदेश करणारा मेहुणा ज्यास नाही असा तर त्याहूनही विरळा. आमच्या मेहुण्यांनी प्रथम सिक्कीम सुचविले. तेथील जुन्या रहिवाशांस आयकर माफ आहे हे त्यांचे म्हणणे खरे होते. मात्र ती माफी पदरात पडण्यासाठी २६ एप्रिल १९७५ रोजी, म्हणजे ते राज्य भारतात विलीन झाले तेव्हा, तेथे वास्तव्य असलेल्या घराण्यात जन्म घ्यावा लागतो, आणि आमच्या तीर्थरूपांनी त्या सुमारास बिऱ्हाड हलविले ते बोपोडीहून खडकी बाजारात. एरवी आयकर केंद्राचा असल्यामुळे तो त्याच दराने कन्याकुमारीपर्यंत माणसाच्या मागोमाग येतो, हे मेहुण्यांस पटविण्यात दिवाळीचा फराळ संपला.

उरला घरपट्टीचा भेद, आणि तो अनुभवण्यास खडकीइतके सोयीचे ठाणे नाही. खडकीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, बोपोडीत पुणे महापालिका आणि मुळेचा पूल ओलांडला की दापोडीत पिंपरी-चिंचवड. म्हणजे सकाळच्या फेरफटक्यातच तीन राजवटींचा महसुली अंमल पायाखालून जातो. पुण्याच्या पालिकेने स्वतःच्या घरात राहणाऱ्यास द्यावयाची ४० टक्क्यांची सवलत मध्यंतरी बंद करून २०२३ साली पुन्हा बहाल केली. एवढ्या लहरी कृपेच्या भरवशावर माणसाने ट्रंका बांधू नयेत, असे माझे मत पडले.

हवेच्या बाबतीत मी तज्ज्ञांचा कौल घेतला. सबंध हिंदुस्थानची थंडी, उष्मा आणि पर्जन्य ज्याच्या दप्तरी नोंदलेला, त्या हवामान खात्यानेच १९२८ साली आपले मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आणले. शिवाजीनगरच्या चौकास शिमला ऑफिस म्हणतात ते त्यामुळेच. हिमालय सरकारी खर्चाने उपलब्ध असता जे पुण्यास आले, त्यांच्यापुढे मेहुण्यांनी मागाहून सुचविलेल्या दापोलीचे आणि बेळगावचे काय चालणार?

तथापि निवृत्तांचा खरा आदर्श आमच्या खडकीच्याच इतिहासात आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे पेशवे आणि इंग्रजांची कंपनी यांची लढाई झाली. दुसरे बाजीरावसाहेब ती पर्वतीवरून पाहत होते असे सांगतात. पुढील जूनमध्ये ते माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाले, आणि सालिना आठ लाखांचा तनखा ठरवून घेऊन कानपुराजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. राज्य राखण्याच्या कामी त्यांनी काय दिवे लावले ते सर्वश्रुत आहे. पण पेन्शन राखण्याच्या कामी त्यांचा हात धरणारा पुरुष पेशवाईत झाला नाही. कंपनीच्या वरिष्ठांस ही रक्कम फार वाटत होती, आणि हे गृहस्थ तर १८५१ पर्यंत जगले! म्हणजे राज्य केले त्याहून कितीतरी अधिक वर्षे त्यांनी तनखा उपभोगिला. पुढे दत्तक पुत्रास तो नाकारला गेला, ही कुटुंब-निवृत्तिवेतनाची ढिलाई मात्र मनास लागते. हाच माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर होऊन आला आणि त्याने महाबळेश्वर वसविले, शिवाय आमच्या शेजारच्या दापोडीत बंगला घेऊन बाग करून ठेवली. हवा आणि पेन्शन या दोन्ही शास्त्रांत एवढी गती असलेला अंमलदार पुन्हा झाला नाही. त्याने दापोडी पसंत करावी आणि मी नदीअलीकडे बसून गंगटोकचे भाडे विचारावे, हे प्रशस्त दिसेना.

आता तर छावण्यांतील नागरी वस्ती लगतच्या पालिकेत सामील करण्याचे सरकारचे धोरण आहे, आणि हिमाचलातील योलची छावणी २०२३ साली त्याप्रमाणे निकालातही निघाली. म्हणजे आम्ही जागचे न हलता पुण्याची हद्दच आमच्या ओट्यापर्यंत येण्याचा संभव उत्पन्न झाला आहे. हे सर्व मी कुटुंबास सविस्तर निवेदन केले असता, मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “अहो, हद्द येईल तेव्हा येवो, नळ मग कोणाच्या वेळेला सुटणार, तेवढे आधी विचारून ठेवा.”

मेहुणे सध्या योलच्या घरपट्टीची माहिती काढीत आहेत. गाव धरमशाळेजवळ असून हवा उत्तम आहे म्हणतात.