मधली सीट

आमची १९८४ची प्रीमियर पद्मिनी अंगणात उभ्या उभ्याच अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्ह्यात आली. १ जुलै १९९८ला जिल्हा वेगळा झाला, तिला चाकही हलवावं लागलं नाही. जिल्हा असा सुखासुखी बदलला. गिअर मात्र बदलेना. पातूरच्या घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं म्हटलं की स्टिअरिंगखालची दांडी उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी लुळी पडायची.

"भाऊ, डब्बाच बदला," मिस्त्री म्हणाला. "एकशे अठरा एनईचा टाकू."

ही एनई म्हणजे पद्मिनीची १९८५ सालची धाकटी जाऊ. घर प्रीमियरचंच, पण इंजिन आणि गिअरबॉक्स निसानच्या वळणाचे, अन् दांडी थेट जमिनीतून उगवलेली. मी हरखलो. अकोल्याच्या भंगारातून एक डब्बा उचलून आणला. मग क्लचप्लेटचे दाते मोज, बेल हाउसिंगची भोकं जुळव, प्रोपेलर शाफ्ट किती कापायचा ते ठरव. माझ्या लग्नात एवढी चौकशी कुणी केली नव्हती. मिस्त्रीनं पत्रा कापायला खडूनं गोल काढला, नेमका पुढच्या सीटच्या मध्यावर.

माय दारातून बघत होती.

"इथं काय येते?"

"गिअर, माय."

"अन् मी कुठी बसू?"

मिस्त्रीनं खडू खिशात टाकला. स्टिअरिंगवरच्या गिअरमुळे पद्मिनीत पुढे तिघं मावतात, हे मी विसरलोच होतो. गेली चाळीस वर्षं ती मधली जागा मायची आहे. कारंज्याच्या गुरुमंदिराला असो की लग्नाला, मांडीवर डबा घेऊन ती तिथूनच पुढच्या ट्रकला शिव्या घालते.

"दांडा काय मांडीत धरू?"

यावर निसानच्या इंजिनिअरांकडेही उत्तर नसावं.

मिस्त्री निमूट गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळानं फक्त हात बाहेर आला. तळव्यावर रबराचा काळा भुगा. "लिंकेजचे बुश गेले होते, भाऊ. डब्बा ठणठणीत हाये." नवे बुश दीडशे रुपयांत बसले. दुसरा गिअर आता लोण्यात सुरी जावी तसा पडतो. पहिला अजूनही गाडी थांबल्याशिवाय घेऊ देत नाही, पण तो वडिलांच्या काळापासूनचा हट्ट आहे.

एनईचा डब्बा परत घ्यायला भंगारवाला तयार नाही. सध्या तो सोयाबीनच्या ढिगावरची ताडपत्री दाबून बसलाय. माय म्हणते, वाऱ्यात तसूभर हलत नाही.