गोड्या पाण्याची विहीर

काल सकाळी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर कुंपणापलीकडून काकू. "ऐकलं का वो? हे परिक्रमेले जाऊन राहिले!"

हे म्हणजे काका. सदुसष्ट वर्षं, गुडघ्याला पट्टा, आणि नर्मदा परिक्रमा, तीही पायी! अडीच हजार किलोमीटरच्या वर भरते. नदी कायम उजव्या हाताला, ओलांडायची नाही, चातुर्मासात एका जागी मुक्काम. मला वाटलं काकू घाबरल्या असतील. पण भांडण वेगळंच होतं. घरात दोन पक्ष पडले होते, वहीवाले आणि मोबाइलवाले.

वही कुंपणावरून माझ्या हातात आली. आर्वीकडच्या कोणा परिक्रमावासीनं लिहिलेली, तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स, दोऱ्यानं शिवलेली. गाव, पुढच्या गावाचं अंतर, पाठ टेकायला धर्मशाळा की मारुतीचं देऊळ, सदावर्त, हातपंप. त्यावर तीन शायांत तीन जणांच्या दुरुस्त्या. एका गावापुढे 'म्हातारीकडे ताक मिळते' लिहिलेलं, त्यावर काट आणि खाली निळ्या शाईत, 'म्हातारी वारली. सून देते.' ओला टॉवेल हातात तसाच राहिला माझा. शूलपाणीच्या झाडीची पानं तर फुल्यांनीच भरलेली. सरदार सरोवराचं पाणी चढलं, जुनी वाट बुडाली. नदीच्या मुखाशी विमलेश्वरहून मिठीतलाईला समुद्रातून नावेनं जावं लागतं, तिथं लाल अक्षरात 'भरती विचारून निघणे'.

"आता भाचा म्हणते, वही कायले? मोबाइल घ्या."

भाचा सायकलवाला. त्यानंच मला एकदा समजावलं होतं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे, 2004 साली इंग्लंडात सुरू झालेला, आणि तो कंपनी नाही, लोकच काढतात. ऑसमअँड, ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप त्याच्यावरच चालतात. घरून नकाशा उतरवून घेतला की रानात रेंज नसली तरी चालते.

"हो, चालते!" काकू कुंपणाला टेकल्या. "दिवाळीत काय झालं ते सांगितलं नाही वाटते त्यानं?"

नव्हतं सांगितलं. स्वारी सेलू-हिंगणी करत बोर धरणाकडे निघाली होती. ॲपमध्ये जंगलातून बारीक तुटक रेघ दिसली, जवळची वाट म्हणून घुसला. पुढे वनरक्षक उभा. बोर 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं सायकलवर कोण सोडेल? मस्त बोलणी खाऊन पोरगा परत आला. मी म्हटलं, मग ती रेघ पुसून टाकावी की नाही त्यानं? तर नाही म्हणे. वाट जमिनीवर आहे, मग नकाशावर राहणारच. फक्त तिच्यावर 'प्रवेशबंदी' अशी खूण करायची. ती त्यानं त्याच रात्री केली. हे मला आवडलं. निळ्या शाईवाल्याच्या गोत्रातलाच निघाला पोरगा.

काकांना काही पटलेलं नाही. 1951 साली विनोबा इथूनच, वर्ध्याकडून, हैदराबादकडे पायी निघाले ते काय मोबाइल पाहून, असं विचारतात. आता विनोबांबरोबर माणसं किती, पुढच्या गावाला निरोप किती आधी, हे काका सोयीस्कर विसरतात.

तेवढ्यात भाचाच दारात आला. काकूंनी त्याला तिथंच पकडलं. "माझ्या माहेरची विहीर टाक रे त्याच्यात. कौंडण्यपूरले पायी जाणारे सारे तिथंच पाणी पेतात."

त्यानं मोबाइल काढला, बोटानं नकाशा सरकवला, आर्वीच्या पुढे थांबला. "पिण्याचं आहे का? हो की नाही, एवढंच विचारतंय."

"हो. पण गोडं आहे म्हणून लिही. बाजूची खारी आहे, माणसं फसतात."

"मावशी, गोडं-खारं असा रकानाच नाही."

"रकाना नाही?" काकूंनी वही माझ्या हातातून ओढून घेतली. "पेन आण मंग."